रानतगरीचं आठवं फळ

१

टेबलावर एक ताटली होती आणि ताटलीत सात फळं. ताटलीशेजारी सुरी, पातं लख्ख. लाकडाच्या एका ठोकळ्याला बारा खाचा. अकरा खाचांत कागदाच्या अरुंद पट्ट्या उभ्या, बारावी पट्टी ठोकळ्याबाहेर, टेबलावर आडवी. ठोकळ्यामागे बारा छोट्या बाटल्या, बुचं घट्ट लावलेली. एक चष्मा, घडी घालून ठेवलेला. एक खुर्ची, जरा मागे सरलेली. खिडक्या दोन, दोन्ही बंद.

भाचीने हे सगळं दारातूनच मोजलं, मग आत येऊन पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा हिशेब तोच आला, तेव्हा कुठे तिने पिशवी खाली ठेवली. ही तिची जुनी खोड. शहरातल्या एका प्रयोगशाळेत ती नुकतीच कामाला लागली होती. पाण्यात, धान्यात, कधी माणसाच्या रक्तात नको ते काय मिसळलंय हे शोधायचं काम. पण खोड त्याच्याही आधीची. लहानपणी सुट्टीत इथे आली की ती काकांच्या बाटल्या मोजत बसायची आणि काका खुर्चीतूनच म्हणायचे, "आल्या आमच्या तराजूताई."

त्याच खुर्चीत चार दिवसांपूर्वी सकाळी काका मेलेले सापडले होते.

काका म्हणजे तिच्या मावशीचे यजमान. सुगंध मिसळायचा त्यांचा धंदा, उभा जन्म त्यातच गेला. अख्खा गाव त्यांना नुसतं 'नाक' म्हणायचा. तीन खोल्यांपलीकडे लिंबू नासलं तरी ते उठून त्याच्यापाशी जायचे आणि घरातल्या बायकांकडे रोखून बघायचे.

ताटलीतली फळं रानतगरीची होती. ती विषारी असतात हे त्या गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक. डॉक्टरांनी ताटली बघितली, पोलिसांनी ताटली बघितली, कागद झाले, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य झालं: नाकाने विष खाल्लं.

मावशी उंबऱ्यातच थांबली होती. ह्यांना नेलं तेवढंच, बाकी कशालाही हात लावू दिलेला नाही, असं ती म्हणाली.  शेवटी तिने जे सांगितलं ते तिने चार दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना तिने त्यांची नवी बाटली उघडून हुंगली होती. थट्टेतच म्हणाली होती, तुमच्या बाटलीला हल्ली वासच नसतो, नाक विकून खाल्लंत की काय. ते हसले नाहीत. उठले, साबणाने हात धुतले आणि कामाच्या खोलीत गेले. रागावलेत म्हणून तिने हाक मारली नाही, झोपून गेली. तेच त्यांचं शेवटचं जेवण.

"तू शिकलेली आहेस," मावशी म्हणाली. "मला बाकी काही नको. एकच सांग. ते स्वतःहून गेले का? म्हणजे माझ्या त्या शब्दाने गेले का?"

भाचीने शोधते म्हणून सांगितलं. मावशीने मान हलवली आणि खोलीत एक नजर टाकली, घरात पाहुणे असताना बाई जशी आतल्या खोलीकडे बघते तशी.

"त्यांनाच विचारलं असतं मी," ती हळूच म्हणाली. "ते रोज संध्याकाळी येतात, फुलांचा वास घेऊन. पण बोलत नाहीत."

२

घर एकच, पण मधोमध भिंत घालून दोन केलेलं. एका बाजूला काका-मावशी आणि कामाची खोली. दुसऱ्या बाजूला काकांचे धाकटे भाऊ, एकटा जीव. त्यांना भाची धाकटे काका म्हणायची. मुळं, साली, लाकडाचा भुसा उकळून त्यांची तेलं काढायचं काम त्यांचं, म्हणून त्यांच्या बाजूला लाकडाची भट्टी. धाकट्यांनी तेल काढायचं, थोरल्यांनी ते मिसळायचं, असा वडिलांच्या वेळेपासूनचा रिवाज. भट्टीचं धुराडं मधल्या भिंतीतूनच वर गेलेलं.

अंगणात रानतगर. माणसाच्या डोक्याहून जरा उंच, गर्द पानांचं झुडूप. ते मूळचं गावाच्या वरच्या दाट पावसाळी जंगलातलं, भावांच्या वडिलांनी रोप करून आणलेलं. जंगल पुढे तुटलं. आता त्या अख्ख्या टापूत रानतगर म्हटली की हीच एक. तिला पांढरी, भिंगरीसारखी पिळलेली फुलं येतात आणि ती तिन्हीसांजेला उमलतात, तेव्हा वास दोन गल्ल्या ओलांडून जातो. काकांचं नाव झालं ते ह्या वासावर. पण फुलांचा मोसम सरून दोन महिने झाले होते. आता झुडपावर एकही कळी नव्हती. नुसती नारिंगी फळं.

भाची झुडपाखाली उभी राहिली आणि तिच्या मनात पहिली पाल चुकचुकली.

रानतगरीचं फळ एकटं नसतं. एका देठाला दोन, पाठीला पाठ लावून, वासराच्या शिंगांसारखी. एकूण एक देठ तिने बघितला; सगळी जुळी. मग ताटलीत सात कशी? ह्याचं उत्तर गावाने दिलंच होतं: आठवं पोटात गेलं. ठीक. तिने एक जोडी पिरगाळून तोडली, आणि देठातून दुधासारखा पांढरा चीक भळभळ वाहून तिच्या बोटांवर आला.

नळाखाली हात धरले तर चीक आणखीच चिकटला. थोड्या वेळात तो तपकिरी झाला, बोटाला बोट चिकटायला लागलं. आतून मावशी आली, तिचे हात बघून चार दिवसांत पहिल्यांदा जरा हसली. पाण्याने जायचं नाही ते, म्हणाली, आणि खोबरेल घेऊन स्वतः चोळायला बसली. ह्यांचेही असेच व्हायचे, मीच काढायचे.

"मावशी, त्या सकाळी काकांचे हात कसे होते?"

मावशीची बोटं थांबली. हात स्वच्छ होते, ती म्हणाली. तिने धरले होते ना. नखंसुद्धा साफ, साबणाचा वास अजून येत होता. आणि चेहरा तर इतका चांगला की हलवून उठवावंसं वाटलं. गाल लाल, भर उन्हातून चालत आल्यासारखे.

भाची परत खोलीत गेली. सुरीच्या पात्यावर डाग नाही. ताटलीत चिकाचा थेंब नाही. ताटलीतल्या फळांचे देठ कोरडे ठाक, टोकाला आक्रसलेले. त्यांतला एक देठ वेगळा होता: बाकी तीन जोड्या धड होत्या, सातवं फळ मात्र जोडीतून फाडून काढलेलं, बुडाशी सालीचा एक वाकडा तुकडा लोंबत राहिलेला.

त्या रात्री काकांनी झुडपाचं फळ तोडलं नव्हतं. ताटलीत आली ती फळं बऱ्याच आधी तोडून, वाळत ठेवलेली होती. आणि ती आणणारे हात काकांचेच असतील, असं सांगणारं ह्या खोलीत काहीच नव्हतं.

३

डॉक्टर जुने, घरोब्याचे. त्यांनी तिला लहानपणी गोवराच्या गोळ्या दिलेल्या, त्यामुळे ती प्रश्न विचारतेय हेच त्यांना आधी पचेना. ताटली समोर होती, थोडी उलटी झालेली होती, आणखी काय बघायचं, असं ते म्हणाले. रक्त घेतलं होतं, दोन नळ्या. एक पोलिसांबरोबर गेली, दुसरी त्यांच्या फ्रिजमध्ये. तपासायला सांगितलं ते फळाचं विष, आणि त्याची चाचणी प्रत्येक ठिकाणी होत नाही म्हणून उत्तर अडलेलं. भाचीने ती दुसरी नळी मागून घेतली, बर्फाच्या डब्यात घातली आणि त्याच दुपारच्या गाडीने प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडे पाठवली. बरोबर चिठ्ठी: फळाचं बघच, पण बाकीचंही सगळं बघ.

निघताना तिने विचारलं, काकांना काही दुखणं होतं का. डॉक्टरांनी चष्मा पुसला. वयाची असतात ती, म्हणाले. चष्मा आधीच स्वच्छ होता.

आक्का ही बाटल्या भरणारी बाई. वीस वर्षं काकांच्या हाताखाली. तिची जीभ अशी की गिऱ्हाईक घासाघीस करायचं विसरून जायचं. आज मात्र ती फडक्याने एकच बाटली पुसत बसली होती. खोलीतल्या फुलांच्या वासाचं विचारलं तर म्हणाली, येतो तर. गेला महिनाभर येतोय, रोज संध्याकाळी, झुडपावर फूल नसताना. "मालकांना एका गिऱ्हाईकाने विचारलं, अहो, फुलांचा वास येतोय खोलीत, कुठून येतोय? तर म्हणाले, असू दे की, छान येतोय." आक्काने बाटली खाली ठेवली. "मेल्याआधीच कुणी भूत होतं का हो?"

नासलं लिंबू तीन खोल्यांपलीकडून शोधणारा माणूस असू दे म्हणाला. भाचीने हे मनात एका बाजूला ठेवलं.

धाकटे काका भट्टीपुढे लाकडं फोडत होते. सकाळी काकांना चहाला हाक मारायला तेच गेले होते, पहिली नजर त्यांचीच. चार दिवसांत माणूस निम्मा झालेला. भाची येताच त्यांनी तिला स्टूल दिलं, दूध-बिस्किटं विचारली, ती अजून सहा वर्षांची असल्यासारखी. मग कामाची गाऱ्हाणी सांगत बसले. माणसाला दुःखाचं बोलायचं नसलं की तो सरपणाचं बोलतो. गिऱ्हाईकाचा माल अडलाय म्हणून भट्टी बंद ठेवता येत नाही. पूर्वी संध्याकाळी लाकूड भरलं आणि धुराड्याची झडप लोटली की ऊब सकाळपर्यंत टिकायची. आता झडप उघडीच ठेवतो, म्हणाले, त्यामुळे लाकूड दुप्पट जातं.

थोरल्यांशी कसं होतं, हे तिने विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघांनी आयुष्य काढलं. बोलायची गरजच पडायची नाही. धूर पलीकडे झिरपला की दादा भिंतीवर दोनदा ठोकायचा, मग मी झडप उघडायचो. बस. हल्ली तर कित्येक महिन्यांत तेही नाही.

"का नाही?"

"भिंत सुधारली असेल," धाकटे काका म्हणाले, आणि कुऱ्हाड उगाच दुसऱ्या हातात घेतली.

खिडकीत एक सूप होतं. सुपात रानतगरीची फळं वाळत घातलेली, बियांसाठी. भाचीला जवळ जाऊन बघायचं होतं, पण तेवढ्यात भिंतीपलीकडून मावशीची हाक आली. आवाज आनंदी होता, आणि त्यामुळेच भाचीच्या अंगावर काटा आला.

"ये लवकर," मावशी म्हणत होती. "यायची वेळ झाली त्यांची."

४

दोघी कामाच्या खोलीत बसल्या. मावशी काकांच्या खुर्चीत, भाची भिंतीला टेकून ठेवलेल्या बाकावर. खिडक्या उघडायला मावशीने नको म्हटलं. उघडलं की ते जातात. बाहेर अजून उजेड होता. अंगणातली फळं झाडावर निखाऱ्यासारखी दिसत होती.

सुरुवातीला काहीच नव्हतं. मग वास आला.

भाचीला तो ओळखायला क्षणही लागला नाही. तिच्या सगळ्या सुट्ट्यांचा वास होता तो. ताज्या रानतगरीचा, पांढरा म्हणावा असा, थंड, मागे किंचित कडवट. आधी अगदी पुसट, मग कुणीतरी फुलांची ओंजळ घेऊन खोलीत फिरावं तसा दाट. मावशीने डोळे मिटले होते. तिच्या गालांवर लाली चढली होती आणि ती कितीतरी वर्षांनी लहान दिसत होती.

टक, असा आवाज भिंतीतून आला. जरा थांबून पुन्हा, टक.

"बघ," मावशी म्हणाली. "ठोकतायत."

भाचीचा विज्ञानावर विश्वास होता, पण त्या घटकेला तो कामी आला नाही. कोपऱ्यातल्या काळोखात काका पाठमोरे उभे आहेत, एवढ्यात वळतील आणि तराजूताई म्हणतील, असं तिला स्पष्ट वाटलं. भीती वाटली नाही. झोप येत होती. कपाळात मात्र कुणी खिळा ठोकत होतं. हे डोकं कधीपासून दुखतंय, असा विचार तिने केला आणि उत्तर आलं: बसल्यापासून. मावशीला विचारलं. तिचंही रोज दुखतं. रडून दुखत असेल. हे आले की असंच गुंगल्यासारखं होतं.

वासाच्या खाली आणखी एक वास होता. फुलांनी झाकलेला, पातळ, जळका.

भाचीने मागे हात नेऊन भिंतीला लावला. भिंत ऊन होती.

ती उठली ती धडपडतच. दोन्ही खिडक्या उघडल्या, मावशीला खांद्याला धरून उठवलं. मावशी चिडली, हात झटकायला लागली, ते जातील म्हणून विनवायला लागली. भाचीने ऐकलं नाही. अंगणात झुडपाखाली आणून तिला बसवलं तेव्हा मावशी लहान मुलीसारखी रडत होती, आणि तिच्या गालांची लाली अजून उतरली नव्हती.

भर उन्हातून चालत आल्यासारखे गाल. हे शब्द भाचीने त्याच दिवशी ऐकले होते.

५

सकाळी तिने आक्काला मदतीला घेऊन भिंतीलगतचं कपाट हलवलं. कपाटामागे लाकडी चौकटीतली एक काच उभी होती, तिच्यावर घट्ट तेलाचा पांढरट थर. हा त्या घरचा जुना रिवाज: अशा थरावर ताजी फुलं अंथरायची, कोमेजली की बदलायची, थर फुलांचा वास पिऊन घेतो. फुलांच्या मोसमात भरलेली ही चौकट घसरून मागे पडली होती. भिंत गार असली की ती मुकी. भिंत तापली की थर मऊ व्हायचा आणि प्यालेला वास सोडायचा. आणि भिंत तापायची ती संध्याकाळी, पलीकडे भट्टी भरली की. भिंतीतला धुराड्याचा लोखंडी नळ तापताना ठोके द्यायचा.

हार्डवेअरच्या दुकानातून आणलेलं, धुरातला न दिसणारा वायू मोजणारं एक छोटं यंत्र तिने बाकावर ठेवलं आणि धाकट्या काकांना भट्टी पेटवायला सांगितलं, झडप उघडी ठेवून. यंत्राचा आकडा नव्वदवर जाऊन किंचाळायला लागला. धुराड्याला भिंतीच्या आत तडा होता. झडप लोटलेली असती तर आकडा कुठे गेला असता, हे तिला यंत्राशिवाय कळलं. ह्या वायूला स्वतःचा वास नसतो. पण तो एकटा येत नाही, लाकडाच्या धुराबरोबर येतो, आणि धुराला असतो. कुणीही माणूस खोकत बाहेर आला असता. निदान भिंतीवर ठोकलं असतं.

गावातलं सगळ्यात तिखट नाक त्यात बसून राहिलं.

आक्का चौकटीकडे बघत उभी होती. पदराने डोळे पुसून ती म्हणाली, आता लपवून कुणासाठी ठेवायचं. मालकांचं नाक गेलं होतं. मागच्या हिवाळ्यातल्या तापानंतर, साफ. तेव्हापासून त्यांच्या वाटचं हुंगत होती ती आक्का. त्यांनी शपथ घातली होती. बायकोलाही सांगायचं नाही, धाकट्यालाही नाही. वीस वर्षं त्यांनी मला शिकवलं, आक्का म्हणाली, पण माझं नाक ते माझंच, त्यांचं नाही. बाटल्या फिक्या व्हायला लागल्या होत्या.

डॉक्टरांनी ह्या वेळी चष्मा पुसला नाही. हो, त्यांना माहीत होतं. उपाय त्यांनीच सांगितलेला: रोज संध्याकाळी ओळखीचे बारा वास घेऊन बसायचं, नाकाला पुन्हा शिकवायचं. काहींचं परत येतं. काका दोन महिने एकही दिवस न चुकता बसत होते, दारं-खिडक्या लावून, कुणाला कळू नये म्हणून.  "आणि मी ताटली बघितली," ते म्हणाले. "गाल बघितले नाहीत."

म्हणजे त्या संध्याकाळी काका त्या खोलीत गेले ते मावशीच्या शब्दाने नव्हे. तसेही गेलेच असते. भाचीने हे मावशीला सांगितलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि ताटलीकडे बोट दाखवलं.

"मग ही फळं कुणी ठेवली? धुराने मेलेला माणूस फळं घेऊन बसतो का?"

६

धाकट्या काकांच्या खिडकीतलं सूप तसंच होतं. भाची, मावशी आणि आक्का तिघी आत आल्या तेव्हा ते थंड भट्टीपुढे बसलेले. भाचीने सूप उचलून उजेडात आणलं. सगळी फळं जोडीने. कडेला एक एकटं, बुडाशी फाटलेलं. तिने रुमालातून ताटलीतलं सातवं फळ काढलं आणि त्याच्या बुडाचा लोंबता सालीचा तुकडा ह्याच्या खाचेत धरला. तुटलेल्या कपाचा कान बसावा तसा तो बसला.

"आठवं कुणी खाल्लंच नाही," ती म्हणाली. "तुम्ही ते परत सुपात ठेवलंत, धाकटे काका. टाकून का नाही दिलंत?"

त्यांनी फळाकडे बघितलं. आश्चर्य त्यांनाच वाटलेलं दिसलं.

"ह्याचं बी फेकायचं नसतं," ते म्हणाले. "बाबांची शिस्त. जंगल राहिलं नाही ना. हात आपोआप गेला."

मग सगळं बाहेर आलं, हळू आवाजात, भट्टीच्या तोंडाकडे बघत. सकाळी दार उघडलं तर खोलीत धूर कोंडलेला, आणि दादा खुर्चीत. झडप मी लोटली होती, आणि मालाची घाई म्हणून लाकूड नेहमीपेक्षा जास्त भरलं होतं. महिनोन् महिने भिंतीवर ठोका आला नव्हता, म्हणून रोजच लोटत होतो. दादा ठोकेल, असं वाटायचं. धूर असता तर दादा ठोकल्याशिवाय राहिला असता का? दारात उभा असतानाच कळलं की दादाला त्या धुराचा वास आलाच नाही. कधीपासूनच येत नव्हता. खिडक्या उघडून धूर घालवला, पुन्हा लावल्या. सूप जवळ होतं.

फळ खाल्लं म्हटलं तर लोक हळहळतील, असा त्यांचा हिशेब. धुरात बसून मेलं म्हटलं तर हसतील; नाक म्हणून मिरवला आणि धूर कळला नाही. दादाचं नाव राहावं, म्हणून.

"आणि झडपेचं नाव निघू नये म्हणून," भाची म्हणाली.

"तेही," धाकटे काका म्हणाले. "आधी तेच."

मावशी इतका वेळ दाराला धरून उभी होती. ती पुढे आली. तिने आवाज चढवला नाही.

"भाऊजी, त्या रात्री जेवताना मी ह्यांना काय बोलले, ते तुम्हाला माहीत नव्हतं."

त्यांनी मान हलवली. माहीत नव्हतं. मावशीने तो शब्द त्यांना सांगितला, जसाच्या तसा. ऐकून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आपल्या सात फळांनी चार दिवस कुणाला जाळलं, हे त्यांना तेव्हा कळलं. पोलिसांकडे मी स्वतः जातो, एवढं ते बोलले. 

७

एक गोष्ट राहिली होती. बारावी पट्टी.

भाचीने ती टेबलावरून उचलून आक्काला दाखवली. आक्काने नाकाशी नेली, पण न हुंगताच तिला कळलं असावं.  ह्या अभ्यासाचा एक नियम होता, ती म्हणाली. पट्ट्या ती लावून द्यायची, कुठली कसली ते न सांगता. जिचा वास ओळखू येईल ती बाहेर काढून ठेवायची. सकाळी ती येऊन बघायची. दोन महिने रोज बाराच्या बारा पट्ट्या ठोकळ्यात उभ्या मिळायच्या.

"ही रानतगरीची आहे," आक्का म्हणाली.

मावशीने ती पट्टी मागून घेतली आणि मुठीत धरून अंगणात जाऊन बसली. त्यांना आला तो वास पट्टीचा की खोलीत पसरलेला, हे सांगता येणार नाही, असं भाचीच्या ओठांवर आलं होतं. 

ह्याच फळांनी घात केला म्हणून झुडूप तोडायला मावशीने आधीच माणूस सांगून ठेवला होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, कुऱ्हाड पायरीला टेकवून बसला आणि तंबाखू मळत विचारलं, कुठून सुरू करू. मावशी झुडपाकडे बघत राहिली. भाचीने रात्रभर जे समजावलं होतं ते तिला पटलं होतं आणि पटलं नव्हतं. हे सगळे तुझे तर्क, ती म्हणाली होती. माझ्या मनातून ते तेवढ्याने जात नाही. खाल्लंच नाही, हे मला कुणीतरी मोजून सांगायला हवं.

माणसाने पुन्हा विचारलं. मावशीने त्याला हाताने थांबवलं.

तेवढ्यात भाचीचा फोन वाजला. प्रयोगशाळेतून मैत्रीण बोलत होती. भाचीने तिला थांबायला सांगितलं, फोनचा आवाज मोठा केला आणि तो मावशीच्या हातात दिला. मैत्रिणीने कागदावरचं जसंच्या तसं वाचलं.

रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेला भाग, एकसष्ट टक्के. रानतगरीच्या फळाचं विष, शून्य.